गुलाबी बोंडअळीचा पतंग: ओळखायचा कसा, शोधायचा कुठे, मोजायचा कधी

हिरवे बोंड फोडल्यावर आत गुलाबी अळी दिसली की शेतात धावपळ सुरू होते. पण अळी गुलाबी दिसू लागली म्हणजे तिचे निम्मे खाऊन झालेले असते. बोंडाच्या आत फवारा पोचत नाही. आत शिरतानाचे भोक इतके बारीक असते की बोंड वाढता वाढता ते बुजून जाते. त्यामुळे या किडीला गाठायचे तर ती बोंडाबाहेर असते तेवढ्याच काळात: पतंग असताना, अंडे असताना, आणि अंड्यातून निघून बोंडात शिरेपर्यंतच्या तास-दोन तासांत. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. पहिल्यांदा कपाशी लावणाऱ्यांनी आणि गावात निरीक्षणाचे काम नव्याने अंगावर घेतलेल्यांनी त्या याच क्रमाने कराव्यात.

सोबत लागते ते थोडेच. दहा पटीचे भिंग, ब्लेड, चिमटा, पांढरा कोरा कागद, झाकणाची प्लास्टिकची बरणी, साबणाचे पाणी घातलेली बादली आणि वही. यातली वही सर्वांत आधी घ्या. तारखेशिवाय केलेली नोंद पुढे काही कामाची राहत नाही.

पहिली पायरी: पतंग कागदावर घेऊन बघा

पतंग लहान असतो. लांबी ८ ते ९ मिलीमीटर, म्हणजे साळीच्या एका दाण्याएवढी. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत १५ ते २० मिलीमीटर. बसलेला असताना पंख अंगावर मिटलेले असतात, आणि करड्या-तपकिरी रंगामुळे तो वाळलेल्या पानाचा तुकडा वाटतो. नवखा माणूस इथेच फसतो. बोंडअळीचा पतंग म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर दिव्यावर येणारा मोठा पतंग असतो, आणि सापळ्यातला हा बारीक जीव तो चिलट समजून सोडून देतो.

भिंगाखाली चार गोष्टी बघा. पुढचे पंख करडे-तपकिरी, त्यांवर काळपट ठिपके आणि अस्पष्ट पट्टे. मागचे पंख चंदेरी करडे, कडेला लांब केसांची झालर, आणि टोकाजवळ कड आत दबलेली, त्यामुळे टोक अणकुचीदार दिसते. तोंडाजवळून दोन बारीक अवयव शिंगांसारखे वर वळलेले. आणि मिशांच्या बुडाशी ताठ लांब केसांची छोटी ओळ. पतंगाच्या शास्त्रीय नावात, म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएलामध्ये, हीच ओळ आलेली आहे: पेक्टेन म्हणजे कंगवा, आणि कंगवा बाळगणारा तो पेक्टिनोफोरा. नावाचा दुसरा भाग कपाशीवरून. या किडीचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा झाले १८४३ साली, आणि तेही गुजरातमधल्या भडोचच्या कपाशीत सापडलेल्या किडीवरून.

सापळ्यात दोन-तीन दिवस पडून राहिलेल्या पतंगाच्या पंखांवरचे खवले झडतात आणि ठिपके दिसेनासे होतात. अशा वेळी आकार, वर वळलेली शिंगे आणि मागच्या पंखाची झालर यांवर भर द्या. शंका राहिली तर त्याच सकाळचा ताजा पतंग घ्या.

कपाशीवरचे बाकीचे दोन पतंग वेगळे काढणे सोपे आहे. हिरव्या बोंडअळीचा पतंग अंगाने दुप्पट मोठा, पिवळसर तपकिरी, पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद डाग. ठिपक्यांच्या बोंडअळीच्या पतंगाचा पुढचा पंख फिकट असतो आणि त्यावर मधोमध हिरवा पाचरीसारखा पट्टा असतो. खरा गोंधळ होतो तो घरात. साठवलेल्या धान्यातून उडणारा फिकट पिवळसर, झालरीच्या पंखांचा बारीक पतंग याच कुळातला आहे. कापूस घरात भरून ठेवला असेल आणि शेजारी ज्वारीची पोती असतील, तर भिंतीवरचा प्रत्येक पतंग बोंडअळीचा मानू नका.

दुसरी पायरी: दिवसा तो कुठे असतो ते शोधा

हा पतंग निशाचर आहे. दिवसभर जमिनीच्या भेगांत, पडलेल्या पानांखाली, झाडाच्या बुडाशी दडून बसतो. काळ्या जमिनीत भेगा भरपूर, म्हणून लपायला जागाही भरपूर. सकाळी ओळीतून चालताना पाचोळा काठीने हलवा. पतंग असेल तर खालूनच, वेडावाकडा, थोडेसे अंतर उडेल आणि पुन्हा जमिनीवर बसेल. दिवसा झाडाच्या शेंड्यावर त्याला शोधत बसण्यात अर्थ नाही.

नर-मादीचे मिलन मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या सुमारास होते. मादी अंडी घालते तीही रात्रीच. म्हणून संध्याकाळी शेतात चक्कर मारून "पतंग दिसला नाही" असे वहीत लिहू नका. रात्री त्या शेतात काय झाले हे फक्त सापळा सांगतो.

तो राहतो कपाशीच्या आधाराने. भेंडी आणि अंबाडी ही त्याच कुळातली पिके त्याला चालतात, पण आपल्याकडे त्याचा खरा संसार कपाशीवरच असतो. कपाशीला पाते (म्हणजे फुलाची कळी), फूल आणि हिरवे बोंड नसेल तर त्याच्या पिढीला खायला काही उरत नाही. हंगाम वेळेवर संपवण्याचा आग्रह धरला जातो तो याच कारणाने.

तिसरी पायरी: कामगंध सापळे लावा आणि रोज मोजा

मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, त्याचेच कृत्रिम रूप गोळीत भरलेले असते. या गंधाची रासायनिक ओळख १९७३ साली पटली. दोन जवळजवळ सारख्या रेणूंचे ते समान मिश्रण आहे आणि त्याला गॉसिप्लुर म्हणतात. गंधाला फक्त नर येतात, हे कायम ध्यानात असू द्या.

पेरणीनंतर ४५ दिवसांनी, पाते लागायच्या सुमारास, एकरी २ म्हणजे हेक्टरी ५ सापळे लावा. एवढे सापळे पाळत ठेवण्यासाठी आहेत. नर मोठ्या संख्येने पकडून काढायचे असतील तर एकरी ८ ते १० लागतात. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर राहिला पाहिजे. पीक वाढेल तशी काठीवरची दोरी वर सरकवा. हे काम विसरले जाते, आणि सप्टेंबरमध्ये सापळा पानांत बुडालेला सापडतो. मग पतंग कमी आले म्हणून समाधान मानले जाते, प्रत्यक्षात मात्र गंध पानांतच अडकलेला असतो.

नरसाळ्याचा सापळा असेल तर खालच्या पिशवीचे तोंड दोरीने घट्ट बांधा आणि मोजायच्या वेळीच सोडा. पावसाने पिशवीत पाणी साचले तर पतंगांचा लगदा होतो आणि मोजणी चुकते. पिशवीत कोळ्याने घर केले किंवा मुंग्या लागल्या तरी तेच होते. मुंग्या दिसल्या तर काठीला बुडाशी ग्रीस लावा.

गोळीच्या बाबतीत चार चुका फार होतात. तंबाखू किंवा दुसरी गोळी हाताळलेल्या हातानेच ही गोळी लावली जाते. चिमटा वापरा, किंवा हात साबणाने धुऊन कोरडे करा. हिरव्या बोंडअळीची आणि गुलाबी बोंडअळीची गोळी एकाच सापळ्यात लावली जाते. प्रत्येक किडीचा गंध वेगळा असतो, दोन्हींची भेसळ झाली की दोन्हींचे काम बिघडते. फोडलेले पाकीट पत्र्याच्या खोलीत ठेवले जाते आणि उन्हाने गंध उडून जातो. न वापरलेल्या गोळ्या बंद पाकिटात फ्रिजमध्ये ठेवा. आणि जुनी गोळी बदलून ती शेतातच फेकली जाते, मग नर सापळ्याऐवजी तिच्याकडे घिरट्या घालतात. गोळी साधारण ३ ते ४ आठवड्यांनी, पाकिटावरच्या मुदतीप्रमाणे बदला आणि जुनी शेताबाहेर नेऊन पुरा.

रोज सकाळी ठरल्या वेळी मोजा, मोजलेले पतंग काढून टाका, आणि आकडा सापळ्याच्या नंबरासह लिहा. कालचे पतंग आत राहिले की आजचा आकडा फुगतो. सलग ३ दिवस एका सापळ्यात रोज ८ किंवा अधिक पतंग आले, तर ती नुकसानीची आर्थिक पातळी समजतात, म्हणजे इथून पुढे उपाय केला नाही तर तोटा होतो. एका रात्रीत २० आले आणि पुढच्या दोन रात्री २-३ च आले, तर घाबरून पंप काढू नका. पण त्याच दिवशी फुले आणि बोंडे तपासायला मात्र चुकू नका.

चौथी पायरी: अंडी

ही पायरी अवघड आहे, आणि पहिल्या आठवड्यात अंडी न सापडणे अगदी साहजिक आहे. अंडे अर्ध्या मिलीमीटरचे, चपटे लांबट, मोत्यासारखे पांढरे, किंचित हिरवट छटेचे असते. फुटण्याआधी ते लालसर होते. मादी ती सुटी किंवा ४-५ च्या पुंजक्याने घालते. सुरुवातीला पात्यांवर आणि कोवळ्या शेंड्यांवर, आणि बोंडे लागली की बोंडाच्या बुडाशी, पुष्पकोशाच्या आत. पात्याभोवतीची तीन दातेरी पाने हळूच बाजूला करून भिंगाने बुडाशी बघा. एक मादी आयुष्यात शंभर-दोनशे, कधी त्याहूनही जास्त अंडी घालते. अंडी ३ ते ६ दिवसांत फुटतात.

सापळ्यात पतंग वाढले की पुढचा आठवडा अंड्यांचा आणि नुकत्या निघालेल्या अळ्यांचा, असा हिशोब धरा. ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी याच वेळी उपयोगी पडते, कारण त्याच्या वासाने आणि चवीने अंडी घालण्याला आळा बसतो. ५ किलो निंबोळीची भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, वेगळ्या १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण १०० लिटर द्रावण करा. त्याच दिवशी वापरा. निंबोळ्या बुरशी आलेल्या असतील तर अर्क फुकट जातो.

अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा ही बारीक गांधीलमाशी सोडायची असेल तर एकरी ३ ट्रायकोकार्डे लागतात, म्हणजे तिची पिल्ले आत वाढत असलेली सुमारे ६०,००० अंडी चिकटवलेली कार्डे. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला टाचा. कार्ड लावून दोन दिवसांत रासायनिक फवारणी केली तर पैसे आणि माश्या दोन्ही गेले.

पाचवी पायरी: डोमकळी

फुलावरची लक्षणे ओळखायला सर्वांत सोपी, आणि हंगामातला पहिला पक्का पुरावा तीच. फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून रेशमाने शिवून घेते. फूल उमलत नाही, पाकळ्या पिळल्यासारख्या एकमेकींत गुंततात आणि मिटलेल्या गुलाबासारखी कळी दिसते. तिलाच डोमकळी म्हणतात. उलगडून बघा: आत परागकणांत एक बारीक अळी असेल.

कपाशीचे फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटते. नवखे लोक हे मिटलेले दुसऱ्या दिवसाचे फूल डोमकळी म्हणून मोजतात. म्हणून तपासणी सकाळी, त्या दिवशीची फुले उमलल्यानंतर करा, आणि पाकळ्या हाताने सोडवून बघा. सहज सुटल्या तर ते साधे फूल. रेशमाचे तंतू ताणले गेले तर डोमकळी.

आठवड्यातून एकदा शेतात नागमोडी चालत, बांधाकडेच्या ओळी सोडून, १०० फुले बघा. त्यांत १० डोमकळ्या निघाल्या तर पातळी गाठली. मात्र पहिली डोमकळी दिसल्या दिवसापासून ती तोडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. तोडून बांधावर फेकली तर अळी आतच वाढते आणि मातीत जाऊन कोष करते.

सहावी पायरी: बोंडे फोडा

१५ ते २० दिवसांची हिरवी बोंडे घ्या. एकरी २०, वेगवेगळ्या झाडांवरची, पारखून न निवडता. किडकी वाटणारीच तोडली तर आकडा वाढतो, टवटवीतच तोडली तर घटतो. ब्लेडने शिवणीवर चीर द्या आणि बोटांनी पाकळ्या उघडा.

आतल्या बाजूला टरफलावर बारीक फोडासारखे उंचवटे दिसतील. अळी आत शिरली त्या जागी ते तयार होतात. कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल तर अळी एका कप्प्यातून दुसऱ्यात गेली आहे. मग रुई बाजूला करून सरकी एकेक बघा. पहिल्या दोन अवस्थांतली अळी पांढरी असते आणि डोके काळपट तपकिरी. गुलाबी रंग तिसऱ्या अवस्थेपासून, आडव्या पट्ट्यांनी भरू लागतो. "गुलाबी नाही, म्हणजे ती नाही" हा निष्कर्ष काढू नका. अशी पांढरी अळी दिसणे उलट बरे, कारण प्रादुर्भाव ताजा आहे असे त्यावरून कळते. पूर्ण वाढलेली अळी ११ ते १३ मिलीमीटरची असते, आणि तिच्यात नर-मादीही ओळखता येतात. नर अळीच्या पाठीवर, पोटाच्या पाचव्या खंडावर, कातडीतून एक गडद डाग दिसतो. ती तिची वृषणे.

अर्धे अंग बाहेर आणि अर्धे बोंडात, भोवती विष्ठेचा ढीग, अशी अळी दिसली तर ती हिरवी बोंडअळी. गुलाबी बोंडअळी बाहेर काही दाखवत नाही. तिचे गोल, सुबक भोक दिसते तेव्हा ती कोषावर जायला बाहेर पडून गेलेली असते.

२० बोंडांत २ जिवंत अळ्या म्हणजे १० टक्के. या पातळीला कीटकनाशकाचा निर्णय घ्यावा लागतो. औषध आणि मात्रा त्या वर्षीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशीवरूनच घ्या. दोन-तीन औषधे एकत्र कालवू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हातमोजे, तोंडावर मास्क, अंगभर कपडे आणि वाऱ्याकडे पाठ यांच्यावाचून पंप खांद्यावर घेऊ नका. पिकाच्या सुरुवातीलाच सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक मारले तर मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते.

सातवी पायरी: बरणीत फेरा पूर्ण होऊ द्या

जीवनचक्र डोळ्यांनी एकदा बघितले की पुढचे सगळे हिशोब आपोआप जमतात. रुंद तोंडाची बरणी घ्या, तळाशी दोन बोटे कोरडी माती आणि तिच्यावर घडी घातलेल्या कागदाच्या पट्ट्या ठेवा. १० ते १५ संशयित हिरवी बोंडे टाकून तोंडाला मलमलचे फडके रबराने घट्ट बांधा आणि बरणी सावलीत ठेवा. पातळ प्लास्टिकची पिशवी वापरू नका, अळी ती कुरतडून बाहेर येते. झाकण लावून बंद केले तर वाफ धरते, बोंडांना बुरशी येते आणि अळ्या मरतात. कागद ओलसर लागले की बदला.

अळी ९ ते १४ दिवस खाते, मग बाहेर येऊन कागदाच्या घडीत किंवा मातीत कोष करते. कोष तपकिरी, ७ ते १० मिलीमीटरचा असतो. आठ-दहा दिवसांनी सकाळी फडक्याच्या आतल्या बाजूला पतंग बसलेला दिसेल. साखरेच्या पातळ पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा दिला तर तो आठवडा-दोन आठवडे जगतो, आणि मादी दोन-तीन दिवसांत अंडी घालायला लागते. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिना, म्हणून एका हंगामात ४ ते ६ पिढ्या होतात. प्रयोग संपला की बरणीतले सगळे उकळत्या पाण्यात टाका.

नोव्हेंबर-डिसेंबरमधली बोंडे ठेवली तर मात्र वेगळेच घडेल. अळी खाऊन मोठी होते, पण कोष करत नाही. दोन सरक्या रेशमाने एकमेकींना चिकटवते आणि आतल्या पोकळीत वेटोळे करून पडून राहते. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की तिच्यात ही सुप्तावस्था येते. ती मेलेली नसते. चिमट्याने हळूच टोचली तर हलते. अशा अळ्या सरकीत, पऱ्हाटीवरच्या (वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या झाडांवरच्या) अर्धवट उमललेल्या बोंडांत आणि जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला पतंग होऊन निघतात.

आठवी पायरी: हंगाम त्याच्या हिशोबाने आखा

आता मे महिन्यातली लागवड का नको ते कळेल. जूनमध्ये सुप्त अळ्यांचे पतंग निघतात. त्या वेळी शेतात पाते तयार नसेल तर त्यांची पिढी उपाशी मरते. पूर्वहंगामी कपाशीला तेव्हाच पाते लागतात, आणि पहिल्या पिढीला आयते घर मिळते. डिसेंबरनंतर फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक उभे ठेवले, तर दुसऱ्या टोकाने तेच होते. पाणी देऊन आणखी एक वेचणी मिळते खरी, पण सुप्त अळ्यांची फौजही त्याच शेतात तयार होते.

शेवटच्या वेचणीनंतर आधी शेळ्या-मेंढ्या सोडा, त्या उरलेली हिरवी बोंडे खातात. मग पऱ्हाटी उपटून श्रेडरने बारीक करा आणि खतात घाला. बांधावर रचलेली पऱ्हाटी हे या किडीचे उन्हाळी घर आहे. सरपणासाठी ठेवायचीच असेल तर बोंडे आणि नख्या (बोंडांची सुकलेली टरफले) झोडून काढा आणि जाळून टाका. खोल नांगरट उन्हाळ्यात करा म्हणजे कोष उन्हात उघडे पडतात. जिनिंगच्या आवारात आणि घरातल्या कापसाच्या ढिगाजवळही सापळा लावा. तिथून निघालेले पतंग जवळच्या शेतात जातात.

बोंडअळीला मारक जनुक घातलेले बीटी बियाणे असताना हे सगळे कशासाठी, असे नवे लोक विचारतात. २००२ साली आलेल्या एका जनुकाच्या बीटीला आणि २००६ च्या दोन जनुकांच्या बीटीला ही अळी पुढे सरावली, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात तिचा मोठा उद्रेक झाला. हिरव्या आणि ठिपक्यांच्या बोंडअळीसाठी बीटी अजून उपयोगी आहे. गुलाबीसाठी त्यावर विसंबू नका. आश्रयासाठी, म्हणजे साध्या अळ्यांना जगायला जागा राहावी म्हणून, वेगळे बिगरबीटी बियाणे मिळाले असेल तर ते फेकूनही देऊ नका. त्यावर वाढलेले साधे पतंग सरावलेल्या पतंगांशी जुळतात, म्हणून प्रतिकारशक्ती हळू पसरते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वहीत तीन रकाने आखून ठेवा: सापळ्यातले पतंग, १०० फुलांतल्या डोमकळ्या, २० बोंडांतल्या अळ्या. पतंगांचा आकडा रोज, बाकीचे दोन दर आठवड्याला ठरल्या वारी भरा.